वाटल्याने उणे होते काय?

एखादी वस्तू इतरांपाशी नाही, एवढ्याचसाठी ती आपल्याला अधिक मोलाची वाटावी, हे योग्य आहे काय? एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कलेच्या इतिहासाकडे पाहताना हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र रेखायचे आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. सुईने जेथे तांबे उघडे पडले असेल, तेवढेच तेजाब खाते. त्या खाचांत शाई भरून, वरची शाई पुसून, ओलसर कागद दाबयंत्राखाली दाबला की चित्र उमटते. हीच एचिंगची कला. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये रेम्ब्रांटने या रीतीने झाडे, शेते व वादळी आकाश चितारले. पुढे ही कला मागे पडली. फ्रान्समध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले, त्यात निसर्गचित्रकारांचा वाटा मोठा होता. शार्ल झाक व झाँ-फ्रांस्वा मिले हे १८४९ मध्ये पॅरिस सोडून बार्बिझाँ या खेड्यात राहावयास गेले. दोबिन्यी तर होडीतच चित्रशाळा थाटून सीन व वाझ नद्यांवर फिरे. त्या प्रवासाच्या एचिंगचा संग्रह १८६२ मध्ये निघाला. त्याच वर्षी प्रकाशक आल्फ्रेद कादार यांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये एचिंगकारांची संस्था स्थापन झाली. ती दरमहा पाच चित्रे प्रसिद्ध करी. तैलचित्र एकाच भिंतीवर लागते. एचिंग मात्र अनेक घरी जाऊ शकते, आणि प्रत्येक छाप अस्सलच असतो.

परंतु तांबे मऊ असते. प्रत्येक छापागणिक रेषा झिजत जातात. ही मर्यादा निसर्गाने घातलेली होती. शतकाच्या मध्यानंतर विजेच्या साहाय्याने पत्र्यावर लोखंडाचा पातळ मुलामा देण्याची युक्ती निघाली आणि ती मर्यादा बरीच सैल झाली. आता किती छाप काढावे, हे माणसानेच ठरवायचे होते. काही संग्राहकांनी त्यावर उपाय काढला : मोजके छाप घ्यावे आणि पत्रा नष्ट करावा. १८६३ च्या सुमारास मिलेच्या एका पत्र्याबाबत असाच बेत झाला, तेव्हा त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात ही रीत रानटी असल्याचे म्हटले.

मिलेला नऊ मुले होती. गरिबी त्याने जवळून पाहिली होती. दुर्मीळ वस्तूला भाव मिळतो, हे त्याला कळत नव्हते असे नाही. म्हणूनच त्याच्या संतापाला आम्ही वजन देतो. कलावंताने पोटासाठी मर्यादा पाळली, तर त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. झिजलेल्या पत्र्याचा फिकट छाप चांगला म्हणून विकण्यापेक्षा छपाई थांबवणे हा तर प्रामाणिकपणाच होय. मात्र पत्रा शाबूत असता, केवळ दुसऱ्याला मिळू नये म्हणून तो मोडणे ही गोष्ट निराळी. तेथे आनंद चित्राचा राहत नाही, दुसऱ्याच्या उणेपणाचा होतो. कृती एकच, परंतु हेतूने तिचे नैतिक रूप पालटते.

आपल्यापाशी संग्राहकांचे पत्रे नाहीत. पण एखादे कसब, एखादी माहिती, एखादी ओळख आपण अशीच जपून ठेवतो, आणि दुसऱ्याने विचारले की मौन धरतो. आपले सांगून खरोखर काय झिजणार असते, हे त्या वेळी आपण स्वतःला विचारतो काय?

पास्काच्या जागरणविधीत अंधाऱ्या मंदिरात एका मेणबत्तीवरून शेकडो मेणबत्त्या पेटतात. पहिलीची ज्योत त्याने लहान होत नाही. तांब्याला झीज आहे, ज्योतीला नाही. आपल्या हातात यांपैकी काय आहे, हे ओळखूनच हात आखडावा की पुढे करावा, एवढेच आम्हांला सुचवायचे आहे.