‘रन’चे ६४५ अर्थ आणि आपले ‘चालणे’

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ दिलेले आहेत. २०११ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून हा आकडा आपल्याकडेही अधूनमधून फिरत असतो. फिरताना त्याला एक शेपूट चिकटलेले असते: पाहा, केवढी समृद्ध भाषा! पुढचे वाक्य सहसा कुणी उच्चारत नाही, पण ते ऐकू येतेच. आमच्या मराठीत काय, ‘रन’ म्हणजे धावणे, विषय संपला. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र मला पार चुकीचा वाटतो.

शब्दाचे अर्थ झाडावरच्या आंब्यांसारखे मोजता येत नाहीत. कोशकारापुढे असतात ती वाक्ये: शेकडो वर्षांच्या पुस्तकांतून, पत्रांतून, वृत्तपत्रांतून टिपलेली. त्या वाक्यांचे ढीग लावायचे, एका ढिगाला एक अर्थ म्हणायचे, हे त्याचे काम. नळाचे पाणी ‘रन’ होते, सर्दीत नाक ‘रन’ होते. हा ढीग एक की दोन? काही संपादकांचा हात जोडण्याकडे असतो, काहींचा तोडण्याकडे. ऑक्सफर्डचे संपादक पीटर गिलिव्हर या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. तेवढ्याच सामग्रीवर दुसरा कुणी बसता, तर आकडा वेगळा आला असता. शिवाय हा ऐतिहासिक कोश आहे. एकदा शिरलेला अर्थ तिथून बाहेर जात नाही. आज इंग्लंडात कुणाच्याही तोंडी नसलेले, कधीच मेलेले अर्थही त्या ६४५ मध्ये मांडी घालून बसलेले आहेत.

याआधीचे विक्रम पाहिले तर गंमत अधिक कळते. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘टेक’ या क्रियापदाचे १३४ अर्थ होते. त्याच्या प्रस्तावनेत त्याने या साध्यासुध्या क्रियापदांबद्दल अगदी काकुळतीने लिहिले आहे. भलेमोठे लॅटिन शब्द त्याला छळत नव्हते, हे छोटे शब्द छळत होते. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मान होता ‘सेट’चा: ४३० अर्थ, साधारण साठ हजार शब्दांची एकच नोंद. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासायला सुरुवात झाली, ती ‘एम’ या अक्षरापासून. आणि विक्रम कसे मोडत गेले? २००० साली ‘मेक’, २००७ साली ‘पुट’, २०११ साली ‘रन’. एम, पी, आर! म्हणजे विक्रमवीरांची ही यादी चक्क वर्णानुक्रमाने लागली आहे. ज्या शब्दावर संपादकांचा हात फिरला तो वाढला. ‘रन’ने हरवले ते १९८९ च्या ‘सेट’ला, आणि त्या आवृत्तीतला बराचसा मजकूर तर १९२८ साली पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीतून तसाच उचललेला होता. ताज्या दमाच्या पैलवानाने आजोबांना चीत करावे, तशातला हा प्रकार.

सायमन विंचेस्टर या ब्रिटिश लेखकाने मात्र या विजयात काळाची खूण पाहिली. ‘सेट’ म्हणजे बसवणे, ठेवणे. जुन्या, स्थिर जगाचा शब्द. ‘रन’ म्हणजे यंत्रांच्या, धावपळीच्या जगाचा. वाचायला हे फार छान वाटते. त्यात तथ्याचा अंश आहे, त्याकडे येतोच. पण संपादनाच्या क्रमाला इतिहासाचा क्रम समजण्याची चूक त्यात आहे, आणि ती मोठी आहे.

‘रन’चा खरा इतिहास यंत्रांच्या फार आधी सुरू होतो. जुन्या इंग्रजीत ही दोन क्रियापदे होती. एक अकर्मक: स्वतः धावणे, वाहणे. दुसरे प्रयोजक: धावायला लावणे, घोडा दौडवणे. मधल्या काळात उच्चार झिजले, प्रत्यय गळाले आणि दोन्ही एकरूप झाली. मराठीत ‘पळणे’ आणि ‘पळवणे’, ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ हे वेगळे शब्द आहेत आणि कोशात त्यांच्या वेगळ्या नोंदी होतात. इंग्रजीत बाई स्वतः धावते तेव्हा ‘रन’, बाई कारखाना चालवते तेव्हाही ‘रन’. एकाच खात्यावर दोन घरांचा जमाखर्च मांडला तर उलाढाल मोठी दिसणारच.

नाकाचे ‘धावणे’ आपल्याला हसू आणते. आपल्याला वाटते, पायांनी धावण्यावरून ही ओढूनताणून केलेली कल्पना असणार. तसे नाही. वाहण्याचा अर्थ या धातूत मुळापासून आहे. जर्मन भाषेत त्याचाच सख्खा भाऊ ‘रिनेन’ आजही फक्त वाहतो. धावण्यासाठी जर्मनांनी ‘लाउफेन’ घेतला, आणि त्या ‘लाउफेन’चा इंग्रजीतला भाऊ ‘लीप’ उडी मारत राहिला. एका कुटुंबातल्या भावंडांनी कामे कशी वाटून घ्यावीत याला काही नियम नाही. वाटणी होते, आणि मग तीच नैसर्गिक वाटू लागते.

इंग्रजी बोलणाऱ्यांतही ही वाटणी एकसारखी नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो. एकच कृती, अटलांटिकच्या एका काठावर धावायचे, दुसऱ्या काठावर उभे राहायचे. आपला उमेदवार अर्थात उभाच राहतो. पडतोही उभा राहूनच.

क्रिकेटचे उदाहरण तर आपल्या घरातले आहे. सुरुवातीच्या काळात धावा मोजणारा माणूस काठीवर खाचा पाडत असे आणि धावेला ‘नॉच’, म्हणजे खाच, म्हणत. पुढे मोजण्याची खूण मागे पडली, धावण्याची क्रिया पुढे आली आणि ‘रन’ शब्द रुळला. मग सीमारेषा आली. चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा न हलता चार रन. वाइडला गोलंदाज चुकतो, तरी रन. धावण्याशी काही संबंध उरला नाही, पण शब्द राहिला. आणि मराठीने तो कसा घेतला पाहा. एकीकडे ‘रन’ तसाच ठेवला, दुसरीकडे आपल्या ‘धाव’ या शब्दावर तो अर्थ चढवला. ‘धाव’ला बहुवचन लागून ‘शंभर धावा’ असे मोजण्याचे एकक झाले ते यातूनच. इंग्रजीतला अर्थ इथे शब्दाशिवाय, एकटाच आला आणि आपल्या शब्दात राहायला लागला.

आता यंत्रांकडे. औद्योगिक क्रांतीनंतर ‘रन’चे काम वाढले हे खरेच आहे. गिरणी रन होते, इंजिन रन होते, मग बसचा मार्ग, मग वर्तमानपत्रातली बातमी, मग संगणकातला प्रोग्रॅम. पण हे ‘रन’च्या अंगच्या सामर्थ्यामुळे झाले का? जॉर्ज किंग्जली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली दाखवले की शब्दाचा वापर जितका अधिक, तितके त्याचे अर्थ अधिक. ढोबळमानाने वापर शंभर पट असेल तर अर्थ दहा पट. नवी वस्तू आली की माणूस नवा शब्द शोधायला जात नाही, हाताशी असलेला वापरतो. हाताशी असतो तो रोजचा, लहान, झिजलेला शब्द. झिजल्यामुळेच तो कुठेही बसतो. ‘फोटोसिंथेसिस’चा एकच अर्थ आहे, कारण त्याला दुसऱ्या कुठल्या घरी कुणी बोलावतच नाही.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाची अडचण उलटीच असते. आपल्या वर्गांत अजून शब्दार्थांच्या दोन रकान्यांवर विश्वास आहे. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ज्या शब्दांना आपण अवघड म्हणतो ते या रकान्यांत नीट बसतात. ‘रन’ पहिल्याच वर्षी ‘धावणे’ म्हणून पाठ होतो, आणि पुढे दूध ‘रन आउट’ झाले, गाडीची बॅटरी ‘रन डाउन’ झाली, जुना मित्र रस्त्यात भेटला तर त्याच्यावर ‘रन इन्टू’ झाले, हे वाचताना पोरगे बुचकळ्यात पडते. दोष त्याच्या बुद्धीवर येतो. तो खरे तर रकान्यांवर यायला हवा.

मराठीने ‘रन’ची ही बहुतेक कामे कुणावर सोपवली आहेत? ‘धावणे’वर नाही, ‘चालणे’वर. इंग्रजांचे घड्याळ धावते, आपले चालते. यंत्र चालते, दुकान चालते, नाटक चालते, खटला चालतो, संसार चालतो. फ्रेंच माणसाचे यंत्रही चालतेच, धावत नाही. तेव्हा हा संथपणा केवळ आपला नव्हे. पण ‘चालणे’ तिथे थांबत नाही. नाणे चालते. डोके चालते किंवा चालत नाही. सुनेपुढे सासूचे काही चालत नाही. ‘तुम्हाला मासे चालतात का?’ या प्रश्नातले मासे कुठेही जात नाहीत. सैन्य चालून जाते, संधी चालून येते, नकोसा माणूस चालता होतो. झाले ते झाले, हे चालायचंच. पुण्या-मुंबईत होकार म्हणजे ‘चालेल’, कोल्हापुरात ‘चालतंय की’. आणि हे फक्त क्रियापद. गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, चालीरीती, चालू खाते आणि चालू माणूस अजून दाराबाहेर उभेच आहेत. ‘चालवणे’, ‘चालून येणे’, ‘चालवून घेणे’ हे सगळे ऑक्सफर्डच्या पद्धतीने एका नोंदीखाली आणले आणि एखादा गिलिव्हर नऊ महिने बसवला, तर आकडा किती येईल? मी अंदाज करणार नाही. लाज वाटण्याजोगा खचित येणार नाही.

या दोन शब्दांची अलीकडे एके ठिकाणी टक्करही झाली आहे. ‘लोकल वीस मिनिटे उशिराने धावत आहेत.’ इंग्रजी ‘रनिंग लेट’ मराठी अक्षरांत उतरवले की हे वाक्य तयार होते. रखडलेली गाडी धावते आहे, असे फलाटावर उभ्या असलेल्या कुणाही मराठी माणसाला सुचणार नाही. तो म्हणेल, गाड्या लेट आहेत. पण वृत्तपत्रांतून मेट्रो ‘धावणार’ आहे, नवी एक्स्प्रेस ‘धावली’ आहे. ‘धावणे’ला हा अर्थ आता मिळून गेला. मला तो खटकतो. तरी कोशकाराने माझ्या खटकण्याकडे लक्ष देऊ नये, नोंद करावी.

आणि खरी अडचण इथेच आहे: नोंद करणार कोण, कुठे? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत निघाले, पुरवणी १९५० साली. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९९९ साली यादवकालीन मराठीचा कोश दिला, तोही आधारांसह. पण तो जुन्या मराठीपुरताच. हे सगळे मोठे काम आहे, आणि ते बहुतांशी मोजक्या माणसांनी केलेले आहे. परंतु ‘चालणे’चा तेराव्या शतकापासून ‘नेट चालत नाही’ इथपर्यंतचा प्रवास, प्रत्येक टप्प्याला तारखेसह वाक्य देऊन, एका नोंदीत वाचायचा म्हटला तर तो कोश मराठीत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून असा ऐतिहासिक कोश चालू आहे, तो संस्कृतचा. कित्येक दशकांनंतरही तो ‘अ’ या अक्षराभोवतीच आहे, यावरून कामाचा आवाका कळावा.

ऑक्सफर्डचा कोश श्रीमंतीतून उभा राहिला असे कुणी समजू नये. जेम्स मरे यांनी १८७९ साली वाचकांना आवाहन केले: पुस्तके वाचा, शब्द वापरलेले वाक्य चिठ्ठीवर उतरवा आणि पाठवा. लोकांनी चिठ्ठ्या पाठवल्या, लाखांनी. पत्र्याच्या खोलीत मरे आणि त्यांचे मदतनीस त्या लावत बसले. मरे १९१५ साली गेले, कोश पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही. ‘रन’चे ६४५ अर्थ ही त्या चिठ्ठ्यांची कमाई आहे. इंग्रजी भाषेला अर्थ अधिक आहेत म्हणून ते मोजले गेले नाहीत. मोजले म्हणून अधिक दिसतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. त्यानंतर सत्कार झाले, कमानी उभ्या राहिल्या, व्याख्याने झाली. आता विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि राज्य मराठी विकास संस्थेने एकत्र बसून मराठीच्या ऐतिहासिक कोशाची आखणी जाहीर करावी. मरेंच्या चिठ्ठ्या टपालाने येत होत्या. आज एका संकेतस्थळावर तेच काम गावोगावचे शिक्षक, निवृत्त कारकून, विद्यार्थी करू शकतात. घरोघरी जुनी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, बखरींच्या नकला, मासिकांचे अंक पडून आहेत. सगळा कोश एकदम नको. पहिल्या वर्षी फक्त दहा क्रियापदे घ्यावीत, आणि त्यांतले पहिले ‘चालणे’ असावे.