‘आली तशीच पाठवली’

जुम्याच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हातातला मोबाईल पुढे करून म्हणाले, “मौलाना, ही बातमी खरी आहे का?” मी विचारले, “आपण ती कोणाला पाठवली आहे का?” ते संकोचून म्हणाले, “तीन ग्रुपवर पाठवली. पण आली तशीच पाठवली, माझ्या पदरचे त्यात काही नाही.” असे उत्तर आपणही अनेकदा दिलेले असते. त्याने आपली जबाबदारी संपते काय?

पूर्वी घटना आणि वाचक यांच्यामध्ये वार्ताहर, उपसंपादक व संपादक उभे असत. त्यांच्याकडूनही चुका होत, पक्षपात होई. परंतु अंकावर संपादकाचे नाव छापलेले असे आणि त्याला जाब विचारता येत असे. मोबाईलने ही मधली पायरी काढून टाकली. त्यातून काही भलेही झाले. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा अंत झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात केवळ त्यांची प्रकृती बिघडल्याचे म्हटले होते. रस्त्यावर उभ्या असलेल्या १७ वर्षांच्या मुलीने केलेल्या चित्रीकरणामुळे सत्य जगापुढे आले. २०२१ साली पुलित्झर मंडळाने तिचा विशेष गौरव केला. ती घटनास्थळी हजर होती आणि तिने डोळ्यांनी पाहिले तेच दाखवले. ही साक्ष होय.

परंतु आपण दिवसभर जे पुढे पाठवतो, त्यातील कशाचे आपण साक्षीदार असतो? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पोहोचल्या होत्या. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतील एका संस्थेच्या जनजागृतीपटाचा तुकडा होती. मूळ चित्रपटात मूल उचलणारा दुचाकीस्वार ते परत आणून सोडतो. तेवढाच शेवट कापलेला होता. ती पाठवणाऱ्या बहुतेकांना कोणाचाही जीव घ्यायचा नव्हता. आपली मुले सुरक्षित राहावीत, एवढीच त्यांची इच्छा असावी.

येथे कोणी म्हणेल, कर्मांचा निवाडा नियतीवर, म्हणजे हेतूवर होतो. ते सत्यच आहे. परंतु वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणाऱ्याला, त्याचा हेतू चांगला असला तरी, आपल्या फिक्‌हशास्त्राने नुकसानीस जबाबदार धरले आहे. चांगल्या हेतूबरोबर दक्षतेचे कर्तव्यही येते. सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याचा आदेश देताना त्याचे कारणही सांगितले आहे: अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा होऊ नये आणि नंतर पश्चात्तापाची पाळी येऊ नये. म्हणजे ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब त्या आदेशाने आधीच विचारात घेतली आहे. म्हणूनच मुहद्दिसांनी प्रत्येक कथनाबरोबर ते सांगणाऱ्यांची साखळी मागितली आणि त्या साखळीतील प्रत्येक रावीची पारख केली. आपण बातमी पुढे पाठवतो तेव्हा आपणही त्या साखळीतील एक रावी होतो.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. त्यामुळे खोट्याचा वेग कमी होतो, पण त्या पाचांना काय पाठवायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

त्याच १ जुलैच्या रात्री मालेगावातही याच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले होते. त्यांच्यासोबत दोन वर्षांचे लहान मूल होते. तेथील एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आश्रय दिला आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. अफवा बाहेर ओरडत होती; त्या माणसाने समोरच्या माणसांकडे पाहिले आणि दार उघडले.

त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, “ज्या तीन ग्रुपवर पाठवली, तेथे आताच लिहा की मी खात्री न करता पाठवली होती.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मशिदीच्या पायरीवर बसून ते लिहू लागले. अल्लाह आपल्या सर्वांना तेवढे धैर्य देवो. आमीन.