आधी मुसळ, मग कुसळ

आजचे वाचन : मत्तय 7:1-6, गलतीकरांस पत्र 6:1-2



आजचा उतारा आपल्याला इतका पाठ आहे की आपण तो वाचतच नाही. कुसळ आणि मुसळ शाळेत म्हण म्हणून भेटलं, संडेस्कूलमध्ये वचन म्हणून. आणि आता तर पहिल्या वचनाचं एकच काम उरलंय : कोणी काही बोललं की 'मला जज करू नकोस' म्हणून पुढे करायचं. आज मी मात्र पाचव्या वचनापाशी अडकलो. त्याला कारण आहे चार महिन्यांपूर्वीची एक गोष्ट. ती सांगतो. चूक माझीच आहे.

आमच्या हाऊस फेलोशिपमध्ये माझा एक जवळचा मित्र होता. मोबाइलवर क्रिकेटचा सट्टा लावण्याच्या नादी लागला. आधी 3,000 मागितले, 'महिनाअखेर आहे रे' म्हणून. दिले. मग 5,000. मग 12,000, आणि तोपर्यंत पैसे कुठे जातात हे मला कळलं होतं. तरी दिले आणि एक शब्द विचारला नाही. स्वतःला सांगितलं, प्रीती हिशेब ठेवत नाही. खरं सांगायचं तर मला त्याच्याशी अवघड बोलायचं नव्हतं, आणि त्यापेक्षा पैसे देणं सोपं होतं.

पुढच्या वेळी त्याने मागितले तेव्हा मात्र डोकं फिरलं. त्याला काही बोललो नाही. फेलोशिपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थना विनंती टाकली : एका भावासाठी प्रार्थना करा, तो पैशांच्या मोहात सापडला आहे. नाव लिहिलं नव्हतं. वीस जणांच्या ग्रुपमध्ये नाव लिहावं लागतं का? अर्ध्या तासात आमेन आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. रात्री तो ग्रुपमधून बाहेर पडला. (चहाडी आपल्याकडे बऱ्याचदा प्रार्थना विनंती बनूनच येते. मी पहिला नाही आणि शेवटचाही नसेन.)

म्हणजे बघा, आधी तीन महिने मी 'जज करायचं नाही' म्हणून गप्प बसलो आणि मग एका मेसेजमध्ये त्याचा न्याय करून मोकळा झालो. प्रीती दोन्हीकडे नव्हती.

आता पाचवं वचन परत वाचा. कुसळ भावाच्या डोळ्यात तसंच राहू दे, असं प्रभू कुठेच म्हणत नाही. आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे तुला नीट दिसेल, आणि मग त्याचं कुसळ काढ, असा तो क्रम आहे. कुसळ काढायचंच आहे! डोळ्यात काही गेलं की किती टोचतं, हे टू-व्हीलर चालवणाऱ्याला सांगायला नको. लहानपणी आई पदराचं टोक ओलं करून, श्वास रोखून ते काढायची. आपण दुसऱ्या कोणाला डोळ्याजवळ येऊ दिलं असतं का? आणि नीट न दिसणाऱ्या माणसाला?

लगेच सहाव्या वचनात प्रभू कुत्र्यांविषयी आणि डुकरांविषयी बोलतो. पवित्र वस्तू कोणापुढे टाकायची नाही हे ठरवायला पारख लागतेच ना? त्याच अध्यायात पुढे खोटे संदेष्टे फळांवरून ओळखायला सांगितलंय. म्हणजे ज्या अध्यायाने आपण एकमेकांना गप्प करतो, तोच अध्याय डोळे उघडे ठेवायला सांगतो.

मग गलतीकरांस पत्र 6:1. कोणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा, असं पौल लिहितो. तिथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच मत्तय 4:21 मध्ये येतं, जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान होडीत जाळी नीट करत बसलेले असतात तिथे. हे कळल्यापासून ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. जाळं फाटलं म्हणून कोळी ते फेकून देत नाही. फाटलेलंच समुद्रात टाकतही नाही, सगळे मासे निसटतील. तो मांडीवर घेऊन बसतो, भोक कुठे आहे ते बोटांनी चाचपतो, एकेक गाठ मारतो. वेळखाऊ काम आहे. ग्रुपवर एक मेसेज टाकून होणारं नाही.

आणि त्याच वचनात पौल म्हणतो, स्वतःकडेही लक्ष ठेव, तूही मोहात पडशील. इथे मला माझं मुसळ दिसलं. मित्राचा सट्टा मला दिसत होता, आणि माझ्या स्वतःच्या फोनवर ऑप्शन ट्रेडिंगचं ॲप होतं. त्यात मी 38,000 घालवले होते. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये दहापैकी नऊहून जास्त सामान्य ट्रेडर तोट्यात गेले, हे सेबीने 2024 मध्ये आकड्यांसहित सांगितलेलं मी वाचलं होतं. तरी मी त्याला गुंतवणूक म्हणत होतो. तो हरला की सट्टा, मी हरलो की अनुभव.

ॲप काढलं. बायकोला सांगितलं, ती संध्याकाळ फार वाईट गेली. मग ग्रुपवर लिहिलं की ती विनंती टाकणं माझी चूक होती. आणि मग त्याच्या रूमवर एकटा गेलो. मत्तय 18:15 मध्ये प्रभूने पहिली पायरी हीच सांगितलीय, दोघांनीच बोलायची. मी ती गाळून थेट मंडळीपर्यंत पोचलो होतो.

आधी माफी मागितली. मग 38,000 चं सांगितलं. तो हसला, म्हणाला, "म्हणजे तू पण?" त्यानंतर मी त्याला म्हटलं, "अरे, यापुढे तुझ्या हातात एक रुपया देणार नाही. भाडं थकलं तर घरमालकाला मी स्वतः देईन. कौन्सेलरकडे जायचं असेल तर सोबत येईन. पण पैसे नाही." त्याचं हसू गेलं. "मोठा पास्टर झालास," म्हणाला आणि दार उघडून उभा राहिला. मी निघालो. जिना उतरताना वाटलं, देऊन टाकावेत, निदान बोलेल तरी. दिले नाहीत.

सट्टा सुटला का, मला माहीत नाही. फेलोशिपला तो अजून येत नाही. तीन आठवड्यांनी त्याचाच मेसेज आला : शनिवारी जेवायला येऊ का? तेव्हापासून दोनदा आलाय. पैशांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. या शनिवारी मात्र मला विचारायचं आहे.

प्रार्थना : प्रभू येशू, शनिवारी तो माझ्या टेबलाशी बसेल तेव्हा माझा आवाज चढू देऊ नकोस, आणि भीतीने मला गप्पही बसवू नकोस. त्याने माझ्या डोळ्यातलं काही दाखवलं, तर ते ऐकायचं बळ दे. आमेन.