सुट्टीतील स्वस्त खेळ आणि त्यांचा न दिसणारा खर्च

शाळेच्या सुट्टीत मुलांचे मन कमी खर्चात कसे रमवावे, हा प्रश्न वार्षिक परीक्षा संपता संपता महाराष्ट्रात घरोघरी उभा राहतो आणि त्याची उत्तरेही बहुधा ठरलेली असतात: बैठे खेळ, टाकाऊ वस्तूंची खेळणी, वाचनालयातील पुस्तके. ही उत्तरे चुकीची म्हणता येणार नाहीत. मात्र त्यांत खेळाचा खर्च केवळ साहित्याच्या किमतीवरून मोजलेला असतो. साहित्याखेरीज खेळाला जागा, सोबती आणि मोठ्यांचा वेळ लागतो, आणि या तीन गोष्टी एकेकाळी फुकट मिळत असल्यासारख्या वाटत, त्या त्यांचा भार दुसरे कोणीतरी वाहत होते म्हणून.

साहित्यापुरते पाहिले तर स्वस्त वस्तू महाग वस्तूंपेक्षा अनेकदा सरस ठरते. पत्त्यांच्या एका जोडात किती खेळ सामावलेले असतात हे त्याचे सोपे उदाहरण आहे. ‘भिकार-सावकार’ हा निव्वळ नशिबाचा खेळ असल्यामुळे पाच वर्षांचे मूलही त्यात आजोबांना हरवू शकते, ‘बदाम सात’मध्ये हातचे पान केव्हा सोडायचे आणि केव्हा अडवून धरायचे याचा विचार करावा लागतो, ‘सात-आठ’ हा दोघांत रंगणारा खेळ असून त्यात ठरलेले हात करण्यासाठी पडलेली पाने ध्यानात ठेवणे भाग पडते. बांगड्यांचे तुकडे रिंगणात टाकून, इतरांना धक्का न लावता एकेक तुकडा बोटाने बाहेर सरकवण्याच्या काचापाण्याला तर काहीच खर्च येत नाही, तरीही बोटांवरील ताबा आणि संयम यांची त्यात पुरेपूर कसोटी लागते.

या अनुभवाला सैद्धान्तिक आधारही मिळालेला आहे. डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार सोरेन्सेन यांनी, बांधकामाच्या जागी पडलेल्या भंगाराशी मुले आखीव क्रीडांगणापेक्षा अधिक रमतात हे हेरून, मोडक्या सामानाच्या क्रीडांगणाची कल्पना मांडली आणि 1943 मध्ये कोपनहेगनजवळील एम्ड्रुप येथे ती साकार झाली. पुढे 1971 मध्ये सायमन निकल्सन यांनी ‘सुट्या वस्तूंचा सिद्धान्त’ मांडला. ज्या वस्तू हलवता, जोडता, मोडता आणि पुन्हा वेगळ्या रीतीने रचता येतात त्या सुट्या वस्तू, आणि अशा बदलत्या घटकांची संख्या व विविधता जितकी अधिक, तितका कल्पकतेला वाव अधिक, असा त्याचा आशय आहे. भारतात अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भौमितिक आकार घडवण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यामागेही हेच सूत्र दिसते. दिवाळीच्या सुट्टीतील किल्ला हे त्याचे खास मराठी रूप होय: दगड, विटा, माती आणि जुने गोणपाट यांतून तो उभा राहतो, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरली जाते, आणि बुरूज कुठे घ्यावा यावरून होणारी भांडणेही त्या खेळाचाच भाग असतात. बाजारातून आणलेल्या तयार किल्ल्यात हे सगळे निर्णय कारागिराने आधीच घेतलेले असल्यामुळे मुलांच्या वाट्याला केवळ मावळ्यांची मांडामांड उरते.

मात्र एवढ्यावरून जुन्या सुट्टीचे गुणगान करणे घाईचे ठरेल. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या यांना मोकळे मैदान लागे, आणि पारावर किंवा देवळाच्या आवारात खेळण्याची मुभा सर्व जातींच्या मुलांना सारखी नव्हती. आजोळी जमलेल्या भावंडांची सुट्टी खर्चाविना पार पडे, कारण त्यांचे जेवणखाण आणि आजारपण घरातील स्त्रिया काढत. शिवाय त्याच दिवसांत पापड, कुरडया, सांडगे यांची वाळवणे पडत आणि थोड्या मोठ्या मुलींची सुट्टी त्या कामांत जाई. स्वस्ताईचा हिशेब तेव्हाही पूर्ण मांडला जात नव्हता.

आता मैदाने आक्रसली आहेत, कुटुंबे लहान झाली आहेत आणि अनेक घरांत आई-वडील दोघेही नोकरीवर जातात. अशा वेळी उन्हाळी शिबिराचे शुल्क हे कलाकौशल्याचे जितके, तितकेच मुलाला काही तास सुरक्षित ठेवण्याचेही मोल असते. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्या घरी मोबाइल पुढे येतो, कारण त्याला जागा लागत नाही, सोबती लागत नाही आणि मोठ्यांचा वेळही लागत नाही. पालकांनी मुलांना वेळ द्यावा हा उपदेश या परिस्थितीत अपुरा पडतो. ज्यांच्यापाशी वेळ आणि अंगण आहे, त्यांनाच तो पाळता येतो.

म्हणून हा प्रश्न घरगुती काटकसरीइतकाच सार्वजनिक साधनांच्या वापराचाही आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेसाठी मैदान आणि ग्रंथालय हे निकष घातले आहेत, आणि त्याच कायद्यानुसार कामाचे किमान दिवस पाचवीपर्यंत 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 आहेत. याचा अर्थ असा की जी साधने मुलांसाठीच उभारली गेली, ती वर्षाचा मोठा भाग, आणि नेमकी मुलांना मोकळा वेळ असताना, बहुतेक ठिकाणी कुलपात राहतात. सुट्टीत सकाळ-संध्याकाळ ऊन नसलेल्या वेळी शाळेचे मैदान उघडे ठेवणे, पुस्तकांचे कपाट वस्तीतील एखाद्या जाणत्या व्यक्तीकडे सोपवणे आणि देखरेखीच्या कामाला रीतसर मानधन देणे यांसाठी नव्या इमारतींची गरज नाही. त्यासाठी येणारा खर्च अनेक घरांत वाटला गेला, तर काचापाणी आणि लगोरी खऱ्या अर्थाने स्वस्त होतील, आणि ती स्वस्ताई कोणा एकीच्या श्रमांवर उभी राहणार नाही.