घेणाऱ्याचा तराजू

शास्त्रपाठ : अनुवाद २४:१४-१५, २ शमुवेल २४:१८-२५, नीतिसूत्रे २०:१४



बेळगावाहून खानापूरच्या रस्त्याने निघाले की पिरनवाडीच्या पुढे मच्छे लागते. भाताच्या शिवारात वसलेले हे गाव आता कारखान्यांचेही गाव झाले आहे. संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटते, कामगार डबे घेऊन बाहेर पडतात आणि रस्त्याच्या कडेला भाजी मांडून बसलेल्या बायांभोवती एकच गर्दी होते. कोणाच्या बुट्टीत मेथी आणि शेपूच्या पेंड्या, कोणापुढे नवलकोलाचे आणि ढब्बू मिरचीचे वाटे, तर हंगामात पोत्यावर ओतलेली, अंगाला तांबडी माती लागलेली रताळी. मराठी, कानडी, उर्दू अशा तिन्ही भाषांत भाव पुकारला जात असतो. हे पाहून मन प्रसन्न होते. भूमीने फळ द्यावे ही देवाची पहिल्या दिवसांतील आज्ञा ती अजूनही पाळीत आहे, असे वाटते.

अशाच एका बाजारात काही वर्षांपूर्वी आमच्या हातून जे घडले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळीत कापणीचा सण होता. आमची शेती नाही, आम्ही पगारावर जगणारी माणसे. तेव्हा देवापुढे ठेवावयाचे उत्पन्न बाजारातूनच आणावयाचे होते. एका वयस्क बाईपुढे मेथीच्या पाच पेंड्या उरल्या होत्या. तिने वीस रुपयांना एक सांगितली. आम्ही ती उचलून पाहिली, पाने पिवळी पडली आहेत असे म्हणालो, आणि ठेवून दिली. खरे पाहता पाने पिवळी नव्हती.

“घ्या की ओ मास्तर, सकाळीच रानातनं काढून आणल्यात,” ती म्हणाली.

आम्ही पुढे गेलो, पण फार लांब गेलो नाही. तिच्या गावाकडे जाणारी शेवटची बस केव्हा सुटते हे आम्हांस ठाऊक होते. दिवस मावळत आला की भाजीचा भाव उतरतो, हे तर प्रत्येक गिऱ्हाईकाला ठाऊक असते. आम्ही पंधरा-वीस मिनिटे इकडेतिकडे केली. ती बुट्टी आवरू लागली तेव्हा परत गेलो आणि चाळीस रुपयांना पाचही पेंड्या मागितल्या. तिने एकदा रस्त्याकडे पाहिले, एकदा पेंड्यांकडे पाहिले, आणि काही न बोलता त्या आमच्या पिशवीत घातल्या. घरी येऊन आम्ही मोठ्या समाधानाने सांगितले की, आज शंभराची मेथी चाळीसला मिळाली.

नीतिसूत्रांचा कर्ता अशाच एका गिऱ्हाइकाला ओळखीत होता. विसाव्या अध्यायातील चौदावे वचन उघडून पाहा. माल हाती असताना तो त्याला नावे ठेवतो, आणि वाटेला लागला की आपल्या हुशारीची फुशारकी मारतो. इतक्या शतकांपूर्वी लिहिलेल्या त्या ओळीत आमचे चित्र इतके हुबेहूब असेल, असे आम्हांस वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उपासना झाली. मंदिर भोपळ्यांनी, उसांनी, भाताच्या लोंब्यांनी सजले होते. आशीर्वादानंतर, आपल्या मंडळ्यांत रीत आहे त्याप्रमाणे, अर्पण झालेल्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला. आमची मेथी पुढे आली. पहिली बोली पन्नासाची झाली. कोणी शंभर म्हणाले. आम्हांसही उत्साह आला आणि आम्ही दोनशे रुपयांना एक पेंडी घेतली. लोकांनी टाळ्या वाजविल्या. पाळकसाहेबांनी कौतुक केले. पावती फाडली गेली, तिच्यावर आमचे नाव लिहिले गेले.

पावती घडी करून खिशात घालताना आदल्या सांजेचा तो चेहरा डोळ्यांपुढे आला. पाच पेंड्या आम्ही देवाला वाहिल्या होत्या, परंतु त्यांतील तीन तर आम्ही विकत घेतल्याच नव्हत्या. वीस रुपयांच्या भावाने आमच्या चाळीस रुपयांत दोनच पेंड्या येत होत्या. बाकीच्या तीन त्या बाईने दिल्या, त्याही राजीखुशीने नव्हे, शेवटच्या बसच्या भीतीने. कापणीच्या सणाचे अर्पण तिचे होते आणि पावतीवर नाव आमचे होते.

दावीद राजाची गोष्ट आपण मुलांना शिकवितो. देशावर मरी आली होती, आणि अरवना यबूशी याच्या खळ्यात वेदी बांधावयाची होती. अरवना खळे, बैल आणि लाकडे सर्व काही फुकट देण्यास तयार होता. दाविदाने ते घेतले नाही. ज्याला आपल्या पदरचे काही लागले नाही असे अर्पण देवाला करणे त्याला पटेना, आणि त्याने पन्नास शेकेल रुपे मोजून दिले. त्याच्या कितीतरी आधी अब्राहामानेही हेच केले होते. सारेच्या दफनासाठी मकपेलाची गुहा हवी होती. एफ्रोन हित्ती लोकांदेखत ती तशीच घे म्हणत होता. अब्राहामाने चारशे शेकेल व्यापाऱ्यांच्या चालू वजनाने तोलून दिले. दोघेही घेणारे होते, दोघेही गरजेत होते, आणि दोघांनी पूर्ण मोल दिले.

वजनकाट्याविषयी उपदेश करताना आपण बहुधा विकणाऱ्याकडे बोट दाखवितो. ते बरोबरच आहे. आपल्यापैकी जे दुकान चालवितात किंवा बाजारात बसतात त्यांनी पारड्याला बोट लावू नये, चांगल्या टोमॅटोखाली नासके दडवू नयेत. आपल्या देशात १९५८ पासून शेर आणि मण जाऊन किलोग्रॅमची वजने येऊ लागली. आजच्या २००९ च्या वजनमापविषयक कायद्यानेही विकणाऱ्याच्या वजनावर तपासणीचा शासकीय शिक्का लागतो. परंतु घेणाऱ्याच्या मनात जो तराजू असतो, त्यावर कोण शिक्का मारणार?

पवित्र शास्त्र या दुसऱ्या तराजूविषयी गप्प नाही. प्राचीन इस्राएलात वजने दगडाची असत. मूळ इब्री भाषेत वजनाला ‘दगड’ हाच शब्द आहे. पिशवीत एक लहान आणि एक मोठा दगड ठेवू नये असे नियमशास्त्र सांगते, ते का? मोठा दगड घेताना वापरावा आणि लहान देताना, म्हणून तर दोन दगड लागत! आमोस संदेष्ट्याने आठव्या अध्यायात ज्या व्यापाऱ्यांना फटकारले त्यांचे मापही लहान होते आणि रुपे तोलून घेण्याचे वजन जड होते.

आणखी एक उदाहरण पाहा. १ शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात, इस्राएलात लोहार नसल्यामुळे लोकांना नांगराचे फाळ आणि कुदळी पाजवावयास पलिष्ट्यांकडे जावे लागे, असे सांगितले आहे. त्या ठिकाणी ‘पीम’ हा एक शब्द येतो. त्याचा अर्थ पूर्वी भाषांतरकारांना नीट उलगडत नव्हता. विसाव्या शतकात तिकडच्या उत्खननांत तोच शब्द कोरलेले लहान दगड मिळाले आणि ते एक वजन आहे, सुमारे दोन तृतीयांश शेकेलाचे, हे ध्यानात आले. म्हणजे एक फाळ पाजवावयास तेवढे रुपे तोलून द्यावे लागत होते. शेतकऱ्याला दुसरीकडे जाता येत नाही हे पलिष्ट्यांना पक्के ठाऊक होते. अडलेल्या माणसाला सांगितलेला भाव हा असा असतो. त्या सांजेला आम्हांसही एवढेच ठाऊक होते की, ती बाई दुसरीकडे जाऊ शकत नाही.

कोणी म्हणेल, एका मेथीच्या पेंडीचा एवढा बाऊ कशाला? परंतु पेंडी लहान असली तरी हा प्रश्न लहान नाही. आपल्याच सीमाभागातील निपाणी आठवा. तंबाखू हे पीक चांगले की वाईट हा विषय निराळा, आणि त्यावर आपले मत आपण जाणतो. परंतु ते पिकविणाऱ्याचे दुःख तेच होते. राबायचे त्याने आणि भाव सांगायचा घेणाऱ्याने. रास्त भावासाठी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. मार्च महिन्यात सुरू झालेले ते आंदोलन ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात संपले आणि शेतकरी प्राणांस मुकले. घेणाऱ्याचा तराजू वाकडा असला म्हणजे गोष्ट कोठवर जाते, हे आपल्या भागाने डोळ्यांनी पाहिले आहे.

पुढे काही राज्यांनी पिकविणारा आणि खाणारा यांची समोरासमोर गाठ घालून देण्याची व्यवस्था केली. १९९९ साली आंध्र प्रदेशात रयतू बाजार आणि तमिळनाडूत उळवर संदै याच हेतूने सुरू झाले. मधला दलाल गेला तर दोघांचे भले होईल, हा विचार योग्यच आहे. परंतु दलाल दूर झाला म्हणजे न्याय आपोआप येतो असे नाही. त्या सांजेला मच्छ्याच्या रस्त्यावर पिकविणारी समोर होती, खाणारे आम्ही समोर होतो, मध्ये कोणी नव्हते. दलालाचे काम आम्हीच केले.

बंधुभगिनींनो, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात देवाची एक आज्ञा आहे. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. देवाने सूर्यास्त ही गरिबाला देण्याची मुदत ठरविली. आम्ही त्याच सूर्यास्ताची वाट पाहिली, ती त्याला कमी देण्यासाठी. या आज्ञेचा याहून पुरता उलटा अर्थ कोणी केला असेल असे आम्हांस वाटत नाही. आणि तोही आम्ही केला तो देवाच्या अर्पणासाठी!

मग भाव करणे हे पाप आहे काय? नाही. बाजार म्हटला की भाव विचारणे, दोन दुकाने पाहणे, नासका माल परत करणे आलेच. आपल्या मंडळीत अशीही घरे आहेत की जेथे कंत्राटी कामावरच्या पगारात महिना निघत नाही आणि आई दोन रुपयांसाठी बाजारभर फिरते. त्या आईला आम्ही हा प्रश्न विचारीत नाही. देव तिची पिशवी जाणतो. प्रश्न आम्हांला आहे, ज्यांच्या खिशात पैसे आहेत. मोठ्या दुकानातील छापील किमतीपुढे आपण मुकाट्याने पाकीट उघडतो, आणि भुईवर बसलेल्या बाईपुढे मात्र आपल्याला व्यवहार आठवतो. असे का होते? तेथे आपले चालत नाही आणि येथे चालते, एवढेच ना?

म्हणून बाजारात जाताना तीन गोष्टी मनात धरू या. चांगल्या मालाला वाईट म्हणू नये, कारण ते असत्य आहे. समोरच्याची अडचण हे आपले वजन करू नये. आणि परवडत असेल तर थोडे मागे सोडावे. बवाजाने रूथसाठी पेंढ्यांतून मुद्दाम कणसे गळू दिली, तशी आपल्या व्यवहारालाही एक न कापलेली कड असू द्यावी.

संडे स्कूलच्या शिक्षकांस एक सूचना करावीशी वाटते. एखाद्या रविवारी वर्गात चार रताळी घेऊन जा. ती ताटात येईपर्यंत कोणी काय काय केले, ते मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्या. पावसाळ्याच्या तोंडाशी सरी-वरंबे कोणी केले, वेलाचे तुकडे कोणी लावले, तण कोणी काढले, चार महिन्यांनी कुदळीने रताळी कोणी उकरली, पोती डोक्यावरून कोणी वाहिली. मग विचारा, याचे मोल किती? मुले जे उत्तर देतील ते आपणही ऐकून ठेवावे. कारण बाजारात आपला हात धरून चालणारे लेकरू आपले बोलणे ऐकत असते. वर्गातला धडा ते कदाचित विसरेल, तेथला विसरणार नाही.

बेळगावात १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर आले आणि या भागात सुवार्तेच्या कार्याला आरंभ झाला. त्या काळचे उपदेशक बाजारात उभे राहून बोलत. अथेनै शहरात पौलही रोज बाजारात भेटेल त्याच्याशी बोलत असे. आज आपण बाजारात उपदेश करीत नसू, तरी बाजार आपल्याला वाचीत असतो. आपण कोणत्या मंदिरात जातो हे भाजीवालीला ठाऊक असते.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो, या खेपेस दिवस चांगला वर असताना. ती बाई तेथेच होती. आम्ही मेथी मागितली, तिने भाव सांगितला, आम्ही दिला. गेल्या खेपेचे साठ रुपये निराळे काढून तिच्यापुढे ठेवले आणि कशाचे ते सांगितले. तिला ते आठवत होते की नव्हते, कोण जाणे. तिने पैसे कपाळाला लावून कनवटीला खोवले. मग हात आखडला नाही, बुट्टीतून मूठभर कोथिंबीर उचलून आमच्या पिशवीत वर घातली आणि म्हणाली, “असू दे, पोरांस्नी होईल.”

चांगले दाबून, हालवून, वर शीग लावलेल्या मापाविषयी प्रभू येशूने सांगितले ते लूकच्या सहाव्या अध्यायात आहे. त्या वचनावर आम्ही अनेकदा धडे दिले होते. ते माप प्रत्यक्ष पाहिले ते त्या दिवशी, आणि ते आमच्या हातात नव्हते, तिच्या हातात होते.

जो प्रभू मंदिरातील भांडारासमोर बसून विधवेच्या दोन टोल्या पाहत होता, तो आज बाजाराच्या रस्त्यावरही पाहत आहे. तो आपले तराजू सरळ करो आणि आपले अर्पण खरोखर आपलेच असावे अशी कृपा आपणांस देवो. आमेन.