उरलेला भत्ता

सरकारी कामासाठी परगावी गेलेल्या मनुष्याने लॉजमधल्या खोलीत पोहे भिजवून खावेत आणि जेवणाच्या भत्त्यातून उरलेले पैसे घरी न्यावेत, हे योग्य की अयोग्य? प्रश्न क्षुल्लक वाटेल. मोठमोठ्या अपहारांच्या वार्ता नित्य वाचणाऱ्यास तर तो हास्यास्पदही वाटेल. परंतु महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आणि वर्षातून चार-सहा वेळा दौऱ्यावर जाणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना तो कधी ना कधी पडलेला असतो. उघडपणे कोणी विचारीत नाही, इतकेच.

माझी नेमणूक पाटण्यास आहे आणि दौऱ्याची माझी पिशवी गेली कित्येक वर्षे ठरलेली आहे. पातळ पोह्यांची पुडी, मेतकुटाची बाटली, दाण्याचे कूट, गूळ, घरून भाजून व फोडणी घालून आणलेला रवा, झाकणाचा डबा, चमचा आणि सुरी. पहिल्या दोन दिवसांपुरत्या पत्नीने दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या असतात. पुढे मुझफ्फरपूर असो वा दरभंगा, दही, काकडी, कांदा, लिंबू, केळी कोठेही मिळतात. पोह्यांना विस्तव लागत नाही. रव्यावर उकळते पाणी ओतून झाकण ठेवले की थोड्या वेळात बऱ्यापैकी उपमा होतो. इकडे आल्यापासून हरभऱ्याच्या सत्तूचीही भर पडली आहे. पाण्यात सत्तू कालवून मीठ, लिंबू आणि चिरलेला कांदा घातला की येथला कष्टकरी मनुष्य दुपारपर्यंत निभावून नेतो. आमच्या आजीच्या गोष्टीतले तहानलाडू आणि भूकलाडू एकाच पेल्यात असावेत, तसे हे अन्न आहे.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. पूर्वी जेवणाच्या खर्चाची भरपाई मागताना पावत्या जोडाव्या लागत. सातव्या वेतन आयोगानंतर 2017 साली ती पद्धत रद्द झाली आणि रेल्वेत आधीपासून चालू असलेल्या पद्धतीप्रमाणे ठोक रक्कम ठरली. पाचव्या स्तरापर्यंतच्या कर्मचाऱ्यास त्या वेळी दिवसाला 500 रुपये मिळू लागले: मुख्यालयाबाहेर बारा तासांहून अधिक असल्यास पूर्ण, सहा ते बारा तास असल्यास 70 टक्के, त्याहून कमी असल्यास 30 टक्के. पावत्यांची आवश्यकता नाही, असे आदेशातच स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे मी काय खाल्ले, हे सरकार विचारीत नाही. मी किती तास बाहेर होतो, एवढेच विचारते. कायद्यापुरता प्रश्न येथे संपला.

माझ्यापुरता तो संपत नाही, कारण मी पावत्यांचा काळही पाहिला आहे.

2014 साली मी नोकरीत नवा होतो. तीन दिवसांच्या दौऱ्यात मी खोलीत पोहे आणि दशम्या खाल्ल्या. परत निघताना सहकाऱ्याने सुचवल्यावरून एका खाणावळीत गेलो. मालकाने काही न विचारता कोऱ्या पावत्या पुढे केल्या. त्यांवर मी माझ्या हाताने 'थाळी' असे लिहिले आणि तीन दिवसांचे मिळून 270 रुपये मांडले. बिल विनाहरकत मंजूर झाले.

पुढच्याच महिन्यात आमच्या कचेरीतील एका वयस्क शिपायाचे बिल माझ्या टेबलावर आले. कागदपत्रे पोचवण्यास तो दोन दिवस बाहेर गेला होता. जेवणाची रक्कम त्याने मागितली होती, पण पावत्या नव्हत्या. विचारले तेव्हा तो म्हणाला, सत्तू घरून नेला होता, त्याची पावती कोण देणार? मी नियमावर बोट ठेवले आणि त्याची जेवणाची रक्कम कापली. शेरा माझ्याच अक्षरात आहे. त्याने आणि मी एकच गोष्ट केली होती. त्याने खरे सांगितले, मी लिहून खोटे केले. त्याला काही मिळाले नाही, मला 270 रुपये मिळाले.

त्या दिवसापासून काटकसर म्हणजे सद्गुणच, हे मला सरसकट मानता येत नाही. आपल्याकडे काटकसरीचे कौतुक फार. परंतु वाचवलेल्या प्रत्येक रुपयाची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजलेली असते. ती जर मीच माझ्या जिभेच्या हौशीतून मोजली असेल, तर उरलेला पैसा निःसंशय माझा आहे. मला दहीपोहे आवडतात. त्यात त्यागही नाही आणि लबाडीही नाही. पण भत्ता वाचावा म्हणून मी अर्धपोटी राहिलो आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी हिशेबाच्या वह्यांवर पेंगू लागलो, तर ती किंमत कामाने मोजली. भत्ता शरीर कामास उभे राहावे म्हणून दिलेला असतो. त्या शरीरालाच फसवून शिल्लक टाकणे म्हणजे मालकाच्या बैलाची पेंड विकण्यासारखेच आहे, मग तो बैल आपण स्वतः का असेना.

आणखी एक मनुष्य असतो, ज्याचा आपल्याला सहसा विसर पडतो. काही लॉजमध्ये खोलीत विजेची किटली असते. एकदा दरभंग्यास मी तीत मुगाची डाळ शिजवली. डाळ उतू गेली, तळाशी लागली. घासूनही वास जाईना. सकाळी खोली झाडणारा मुलगा किटली उचलून नुसता हुंगला आणि म्हणाला, "साहब, अब इसमें चाय कौन पियेगा?" माझ्यानंतर त्या खोलीत येणाऱ्या आणि मला कधीही न भेटणाऱ्या पाहुण्याचा चहा मी नासवला होता, आणि ती घासण्याचे काम या मुलाच्या माथी मारले होते. माझे साठ-सत्तर रुपये वाचले ते असे. तेव्हापासून किटलीत पाण्याखेरीज काही घालीत नाही.

तेव्हा माझे उत्तर एवढेच की, खोलीत पोहे भिजवण्यात अधर्म नाही. ज्या बचतीसाठी खोटे लिहावे लागत नाही, काम उणे पडत नाही आणि दुसऱ्याच्या चहाला वास येत नाही, ती बचत स्वच्छ होय. नियम बदलला हे बरेच झाले. त्याने पुष्कळ लहान माणसांना खोटे लिहिण्यापासून वाचवले, आणि सत्तू खाणाऱ्यालाही थाळी खाणाऱ्याइतकाच हक्क दिला.

मात्र तो शिपाई नियम बदलण्यापूर्वीच निवृत्त होऊन गावी गेला. त्याची कापलेली रक्कम त्याला मिळाली नाही. माझे 270 रुपये परत भरणे कठीण नव्हते. चलानावर कारण काय लिहावे, ते कठीण होते. दौऱ्याच्या खोलीत डब्याचे झाकण उघडताना अजूनही मी ते कारण मनात जुळवून पाहतो. वाक्य लहानसेच आहे. ते अद्याप लिहिलेले नाही.