रात्रीच्या रडण्याला ओ

शास्त्रपाठ : निर्गम २:१-१० व २३-२५



गेल्या पावसाळ्यात जोयडा तालुक्यात रामनगरच्या बाजूला एका घरी प्रार्थनासभेस जाण्याचा योग आला. हा पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवर गणेशगुडीजवळ धरण बांधले गेले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. घरदार बुडालेली पुष्कळ कुटुंबे रामनगरात येऊन वसली. चोहीकडे दाट रान, घरे विरळ, आणि पावसात वीज एकदा गेली की केव्हा येईल याचा नेम नाही. सभा संपली तरी पाऊस थांबेना, म्हणून रात्र त्याच घरी काढावी लागली.

घरात तरुण नवराबायको, म्हातारी आजी आणि दीड महिन्याचे बाळ. दहाच्या सुमारास बाळ रडू लागले ते थांबेना. आईने पाजले, आजीने दृष्ट काढावी तसा पदर ओवाळला, झोळीत घालून झोके दिले. घटकाभर शांत होई व पुन्हा सुरू होई. साडेबाराला त्या बाळाचा बाप पडवीत माझ्याजवळ येऊन बसला व म्हणाला, "भाऊ, रोज रात्री हे असंच. दिवसभर लाकूडकाम करून येतो, डोळ्याला डोळा लागत नाही. हा झोपेल अशी प्रार्थना तरी करा."

आतून आजी म्हणाली, "माझी आत्या मुंबईला गिरणीत होती. ती सांगायची, बाळगोळी दिली की पाळी सुटेपर्यंत पोराचा आवाज नाही."

प्रियहो, मला त्या क्षणी प्रार्थना करता आली नाही. मला माझीच एक रात्र आठवली.

माझा थोरला मुलगा सव्वा महिन्याचा होता. शनिवारची रात्र होती आणि सकाळी मला लूकच्या ११ व्या अध्यायातील, मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणाऱ्या माणसाच्या दाखल्यावर संदेश द्यायचा होता. मूल रडत होते. माझ्या पत्नीने चाळीस दिवसांत एक रात्र सलग झोप घेतली नव्हती. मी ओरडलो, "त्याला गप्प कर, मला उद्या वचन सांगायचं आहे." आणि घोंगडी घेऊन पडवीत गेलो व दार ओढून घेतले. सकाळी संदेश चांगला झाला असे मंडळीने सांगितले. घरी आल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, "दार ठोठावणाऱ्याला उघडणारा देव तुम्ही छान सांगितला. काल रात्री आमचं दार तुम्हीच बाहेरून लावलं होतं."

पुष्कळ दिवसांनी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या रात्री तिने मुलाला इतक्या संतापाने उचलले की तिला स्वतःच्या हातांचेच भय वाटले. तिने त्याला हळूच चटईवर ठेवले, स्वयंपाकघरात जाऊन ती रडली, आणि मन थाऱ्यावर आल्यावर परत आली. मी तेव्हा पडवीत झोपलो होतो.

म्हणून आज मी हा संदेश प्रथम स्वतःला सांगत आहे.

पहिली गोष्ट : रडणे हे बाळाचे बोलणे आहे.

मोशेचा जन्म झाला तेव्हा इब्री मुलगे नदीत टाकावेत असा फारोचा हुकूम होता. त्याच्या आईने त्याला तीन महिने लपवून ठेवले. आपण हे वाक्य भराभर वाचून पुढे जातो. पण ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे त्यांनी येथे थांबावे. ज्या घरातून बाळाचा आवाज बाहेर गेला तर शिपाई आत येईल, त्या घरातील त्या तीन महिन्यांच्या रात्री कशा गेल्या असतील?

आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाळ जन्मानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून अधिक अधिक रडू लागते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते रडणे सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत उतरत जाते. संध्याकाळी व रात्री ते अधिक असते. निरोगी, पोट भरलेले बाळसुद्धा रडते. यात आईचे दूध कमी पडते, तिच्या खाण्यात काही आले, किंवा बाळ हट्टी आहे, असे गृहीत धरू नये. नवजात बाळ दिवसरात्र मिळून चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याचे पोट लहान, दूध लवकर पचते, म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा त्याला पाजावे लागते. रात्र व दिवस हा भेद त्याच्या शरीराला दोन-तीन महिन्यांनंतर कळू लागतो. बाळाला देवानेच असे घडविले आहे, आणि जे घडवणाऱ्याने केले त्याला आपण खोड म्हणू नये.

तेव्हा या तीन महिन्यांत बाळाला शिस्त लावावयाची नसते. भूक, ओले दुपटे, उकाडा, गारठा, पोटातला वारा, किंवा नुसता सहवास हवा असणे, हे सर्व त्याला एकाच शब्दात सांगावे लागते. १९७२ साली अमेरिकेत बेल व एन्सवर्थ या दोन संशोधक स्त्रियांनी सव्वीस बाळांचा वर्षभर अभ्यास केला. ज्यांच्या आया रडण्याला लवकर ओ देत, ती बाळे वर्षाच्या अखेरीस कमी रडत असे त्यांना आढळले. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. पण तान्ह्याला उचलल्याने ते लाडावते, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. मोठ्या बाळाची, सहा महिन्यांच्या पुढच्याची, गोष्ट थोडी निराळी आहे. ते कुरकुरले तर क्षणभर थांबून पाहावे, कित्येकदा ते आपले आपण झोपते. त्याने त्याचे नुकसान होत नाही.

दुसरी गोष्ट : गप्प करणे निराळे आणि ऐकणे निराळे.

त्या आजीने ज्या बाळगोळीचे नाव काढले ती कथा खरी आहे. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून व घाटावरून गेलेल्या हजारो स्त्रिया काम करीत. पाळी लांब, खोली एक, मूल सांभाळायला कोणी नाही. मग कामावर जाण्यापूर्वी बाळाला अफूची गोळी दिली जाई. १९२२ साली सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा शेकडा ९८ बाळांना अफू दिली जाते असे त्यांनी नोंदविले. अफूने बाळ झोपते, पण त्याची भूक मरते, श्वास मंदावतो, आणि कित्येकदा ते जागेच होत नाही.

त्या माता निर्दय होत्या का? नाही, प्रियहो. आईला दोष देण्यापूर्वी फारोचा हुकूम पाहावा. त्यांच्यापुढे दोनच मार्ग ठेवले होते, मजुरी किंवा मूल. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया काम करीत असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले आणि १९७६ साली ती मर्यादा तीसवर आणली. ज्याने बाळाचे रडणे खरोखर ऐकले, त्याने गोळी न देता पाळणाघर दिले.

आज ती गोळी गेली, पण तिची भावंडे आपल्या घरांत आहेत. सर्दीच्या औषधाने पोर गुंगते म्हणून रात्री चमचाभर पाजणारे मी पाहिले आहेत. खोकला-सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणाविषयी केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली स्पष्ट बजावले की चार वर्षांखालील मुलांस ते देऊ नये. दुसरे भावंड म्हणजे रडले की तोंडासमोर धरलेला मोबाइल. बाळ गप्प होते खरे, पण त्याचे कोणी ऐकलेले नसते.

याच ठिकाणी झोपण्याच्या जागेविषयीही बोलले पाहिजे. १ राजे ३ मध्ये शलमोनापुढे दोन स्त्रिया आल्या. त्यांतील एकीचे मूल रात्री तिच्याच अंगाखाली सापडून मेले होते. तीन हजार वर्षांपूर्वीचे हे दुःख अजून संपलेले नाही. बाळाला उताणेच झोपवावे. १९९० नंतर इंग्लंड-अमेरिकेत हा सल्ला घरोघर पोहोचविण्यात आला, तेव्हा झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. बिछाना सपाट व घट्ट असावा. डोके गोल व्हावे म्हणून आपण राईची उशी देतो, तीही वर्षभर नको. मऊ गोधड्यांचा ढीग नको. झोळीत मान दुमडली नाही ना, दोरी गळ्याशी येत नाही ना, हे पाहावे. बाळ आईजवळ त्याच खोलीत असावे, पण ज्याने दारू घेतली आहे किंवा जो विडी-सिगारेट ओढतो त्याच्या कुशीत मुळीच नको. आणि आपल्या रानातल्या पावसात बाळबाळंतिणीला ऊब म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कोणी झोपू नये. त्या धुरातील विषाला वास नसतो.

तिसरी गोष्ट : ओ देणारे हात एकटीचे नसावेत.

लव्हाळ्याची पेटी नदीकाठी ठेवली तेव्हा काय झाले ते पाहा. बहीण दूर उभी राहून पाहत होती. फारोच्या कन्येने पेटी उघडली, मूल रडत होते, आणि तिला कळवळा आला. ज्या रडण्याने त्याचा जीव जायचा, त्याच रडण्याने तो वाचला. बहिणीने धावत जाऊन दाई आणली, आणि ती दाई बाळाची आईच होती. राजकन्येने तिला पाजण्याबद्दल वेतन देऊ केले. एका बाळासाठी तीन स्त्रिया, एक राखणारी, एक उचलणारी, एक पाजणारी.

आणि बाप कोठे आहे? निर्गमच्या या गोष्टीत तो पहिल्या वचनानंतर दिसत नाही. परंतु इब्री लोकांस पत्र ११:२३ मध्ये मात्र मोशेला त्याच्या आईबापांनी, दोघांनी, विश्वासाने लपवले असे सांगितले आहे. म्हणजे त्या तीन महिन्यांच्या रात्री बापही जागा होता! हे वचन मी पूर्वी अनेकदा वाचले होते, पण त्याचा अर्थ मला माझ्या पत्नीच्या त्या एका वाक्यानंतर कळला.

म्हणून बापांना माझी विनंती आहे. पाजणे आईचे, पण त्यानंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, दुपटे बदलणे, पडवीत फेऱ्या मारणे हे तुमचे काम. दिवसा बाळाला उजेडात व बोलण्याचालण्यात ठेवा. रात्री दिवा मंद, आवाज हळू, पाजून लगेच परत निजवणे, एवढे नेमाने केले की त्याला रात्र ओळखू येऊ लागते. सासूबाईंनी दुपारी दोन तास नातवाला घेऊन सुनेला झोपू द्यावे. बाळंतीण सतत रडते, तिला काही गोड लागत नाही, बाळाला घ्यावेसेही वाटत नाही, असे दोन आठवडे चालले तर ते आजारपण आहे. तिला विश्वास कमी पडतो असे म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या.

आणि रडणे असह्य होऊन संताप आला तर बाळाला कदापि गदगदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. त्याला उताणे सुरक्षित ठेवावे, पाच-दहा मिनिटे बाजूला जावे, कोणाला तरी हाक मारावी. माझ्या पत्नीने त्या रात्री हेच केले. मी तिला दोषी समजत होतो, आणि ती त्या घरात सर्वांत शहाणी होती.

काही रडणी मात्र वाट पाहण्याची नसतात. बाळ दूध ओढत नाही, अंग तापले किंवा गार पडले, श्वास जोरात चालतो, झटके येतात, हिरवी उलटी होते, किंवा ते अगदी मलूल होऊन रडेनासे होते, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन बाळाला पाहतात, त्यांना विचारा. १०८ ला फोन करा. प्रार्थना गाडीतही करता येते.

आता शेवटचे वचन. हा अध्याय एका बाळाच्या रडण्याने सुरू होतो आणि संपतो तो साऱ्या प्रजेच्या आक्रोशाने. मिसरातील दास कण्हत होते, आणि देवाने ते ऐकले. त्याने त्यांना गप्प केले नाही, झोपेचे औषध दिले नाही. त्याने ऐकले, लक्ष दिले, आणि सोडवणारा पाठवला. जो सोडवणारा पाठवला, तो एके काळी नदीकाठी रडणारे तेच बाळ होते. स्तोत्र १२१ मधील राखणाऱ्याला डुलकीसुद्धा येत नाही. मध्यरात्री बाळाला घेऊन जागणारी आई त्या जाग्या देवाच्या सोबतीला असते.

त्या रात्री मी बाळाच्या बापाला म्हणालो, "चल, आधी त्याला घेऊ या. प्रार्थना चालता चालता करू." त्याने मूल खांद्यावर घेतले, मी कंदील धरला, आणि आम्ही पडवीत फेऱ्या मारल्या. त्याची बायको भिंतीला टेकल्या टेकल्या झोपली. बाळ दोन वाजता निजले. दुसऱ्या रात्री ते पुन्हा रडले असे त्याने मला फोनवर सांगितले, आणि हसून म्हणाला, "पण आता पाळी लावली आहे, भाऊ. बारापर्यंत माझी."

प्रार्थना : हे आमच्या स्वर्गीय बापा, तू आमचे रडणे ऐकतोस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. जी दारे आम्ही आमच्याच माणसांवर लावली, त्यांबद्दल आम्हांला क्षमा कर. या रात्री जाग्या असलेल्या प्रत्येक आईला विसावा दे, आणि तिच्या घरातल्यांना उठण्याची बुद्धी दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.